इंग्रजी शब्दांची नातीगोती

तुम्ही म्हणाल, आम्ही आत्ता कुठं मराठी वाचायला लागलो, इंग्रजी कशाला? पण इंग्रजी तुमच्या घरात कधीच शिरलं आहे. बाटली, डझन, पलटण, तिकीट हे शब्द इंग्रजीतूनच आले आणि आपल्यात राहून मराठी झाले. आपलंही काही तिकडे गेलं बरं का! मुंगसाला इंग्रज 'मंगूस' म्हणतो. ते नाव त्यानं मराठीतूनच उचललं.

मग हे शब्द वाढवायचे कसे? सुटा सुटा शब्द घोकू नये. नवा माणूस भेटला, की आपण विचारतो, "गाव कोणतं? सोयरे कुठले?" शब्दाचीही अशीच विचारपूस करावी.

मटण हा शब्द घ्या. इंग्रजीत जिवंत मेंढीला म्हणतात 'शीप', आणि तिच्या मांसाला 'मटन'. जनावर एकच, मग नावं दोन का? त्याचं असं झालं. सन १०६६ मध्ये फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं. राज्य करणारे फ्रेंच बोलत, शेतकरी इंग्रजी बोलत. मेंढ्या राखणाऱ्याच्या तोंडचा शब्द शीप. मेजवानीला बसणाऱ्याच्या तोंडचा शब्द मटन. कोर्ट, जज्ज, अपील हे शब्दही त्या राज्यकर्त्यांच्याच भाषेतले.

म्हणून इंग्रजीत एका अर्थाचे दोन-दोन, तीन-तीन शब्द सापडतात. पण त्यांचं वजन सारखं नसतं. 'आस्क' म्हणजे साधं विचारणं किंवा मागणं. 'रिक्वेस्ट' म्हणजे विनंती. 'डिमांड' म्हणजे हक्कानं मागणं. तेव्हा कर्जापायी घरी 'डिमांड नोटीस' आली, तर तो कागद कोनाड्यात सारून चालायचं नाही. त्यावरची तारीख बघा आणि जाणत्या माणसाला लगेच दाखवा.

काही वेळा शब्द सगळे कळतात, पण अर्थ कळत नाही. 'बादलीला लाथ मारली' असं इंग्रज म्हणाला, तर बादली शोधू नका. माणूस मेला, एवढंच त्याला सांगायचं असतं. आपण नाही का म्हणत, "म्हाताऱ्यानं राम म्हटला"? इंग्रजाला वाटेल, म्हातारा जप करत बसला आहे! 'लालफीत' हा शब्दही असाच. इंग्रजांच्या कचेऱ्यांत कागदांचे गठ्ठे लाल फितीनं बांधत. त्यावरून कामाच्या रखडपट्टीला त्यांनी लाल फीत म्हटलं, आणि आपणही ते नाव उचललं. आपल्या अर्जांना त्याचा अनुभव आहेच.

आता उलट शब्द. आपण 'योग्य'च्या मागे 'अ' लावतो, 'अयोग्य' होतं. इंग्रजीत 'अन', 'इन', 'नॉन' असे तुकडे लावतात. 'पेड' म्हणजे पैसे भरले, 'अनपेड' म्हणजे भरले नाहीत. 'व्हॅलिड' म्हणजे चालणारं, 'इनव्हॅलिड' म्हणजे न चालणारं. ही युक्ती फार कामाची आहे. एकदा ती समजली, की एका शब्दाचे दोन शब्द होतात.

पण एके ठिकाणी ही युक्ती जिवावर बेतेल. 'फ्लेमेबल' म्हणजे पेट घेणारं. मग 'इनफ्लेमेबल' म्हणजे पेट न घेणारं का? मुळीच नाही! दोन्हींचा अर्थ एकच, पेट घेणारं. हा 'इन' नकाराचा नाही. तो जुन्या लॅटिन भाषेतून आला, आणि तिथं त्याचा अर्थ 'आत'. पेट्रोलच्या टँकरवर मोठ्या अक्षरांत 'हायली इनफ्लेमेबल' लिहिलेलं असतं. म्हणजे फार लवकर पेटणारं. पुष्कळ इंग्रजी जाणणारेही इथं फसतात. म्हणून आता बऱ्याच डब्यांवर नुसतं 'फ्लेमेबल' लिहू लागले आहेत. दोन्हींपैकी कोणताही शब्द दिसला, तरी तिथं काडी ओढू नका, विडी पेटवू नका. खरोखर न पेटणाऱ्या वस्तूवर 'नॉन-फ्लेमेबल' असं लिहितात.