झुडूप एक, गादमाश्या पंधरा

कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटात, ल्यूसर्न व्हॅलीजवळ, क्रिओसोटच्या झुडपांचं एक लांबट कडं आहे. मध्ये नुसती वाळू. झुडपं बरीच दिसतात, पण सगळी एकाच रोपाची. मधला भाग मरत गेला, कडेनं फुटवे येत राहिले. फ्रँक व्हॅसेक यांनी १९८० मध्ये या ‘किंग क्लोन’चं वय मांडलं: सुमारे ११,७०० वर्षं. कडं रुंदावण्याचा वेग वर्षाला पाऊण मिलिमीटरही नाही!

आपल्या सराट्याच्याच कुळातलं हे झुडूप खाणं सोपं नाही. वाळलेल्या पानाच्या वजनात १० ते २० टक्के नुसती राळ. तरी बूटेटिक्स नावाचा नाकतोडा याच्याशिवाय दुसऱ्या कशाला तोंड लावत नाही.

पण खरी कमाल गाठी करणाऱ्या माश्यांची. कोकणातल्या भातावरची गादमाशी शेतकऱ्यांना चांगलीच ठाऊक. या तिच्याच कुळातल्या, डासासारख्या नाजूक. ॲस्फॉन्डिलिया या एकाच प्रजातीच्या सुमारे १५ जाती फक्त क्रिओसोटवर जगतात. कुणी फांदी धरते, कुणी पान, कुणी कळी; हंगामही वाटून घेतलेले. फांदीवरची एक गाठ म्हणजे बारीक पानांचा गच्च गोंडा, पुढे वाळून तपकिरी होणारा. कापला तर आत कप्पे, कप्प्यात अळी आणि भिंतींना बुरशीचं अस्तर. ही बुरशी माशीनंच आणलेली. अंडं टोचताना तिचे बीजाणूही आत जातात. अळीचं पोट भरतं ते बुरशीवर. राळ पचवण्याचं काम परस्पर दुसऱ्याच्या गळ्यात घातलं, असं मला तरी वाटतं.

आता हिशेब. पंख फुटल्यावर माशीच्या वाट्याला जेमतेम एखाददुसरा दिवस. वर्षाला एकच पिढी धरली आणि किंग क्लोन रोपटं असल्यापासून माश्या तिथे आहेत असं समजलं, तर ११,७०० पिढ्या झाल्या. माणसाची पिढी २५ वर्षांची धरली, तर तेवढ्या पिढ्यांना २,९२,५०० वर्षं लागतील. आपली होमो सेपियन्स ही जातच साधारण तेवढी जुनी. आणि एवढ्या पिढ्यांत माशीचं घर मूळ जागेपासून सरकलं सरासरी आठ मीटर.

बरं, हा झाला एका झुडपाचा काळ. त्या १५ जाती क्रिओसोटवरच, एका पूर्वजापासून फुटत गेल्या असं त्यांच्या डीएनएवरून दिसतं. त्या फाटाफुटीपुढे ११,७०० वर्षं म्हणजे किरकोळच.