टेस्टसाठी ग्राहक हवाय? फॅक्टरीला सांगा!

टेस्ट लिहिताना खरा वैताग कोडचा नसतो, डेटाचा असतो. एक ऑर्डर तपासायची तर आधी ग्राहक हवा, त्याचा पत्ता हवा, पिनकोड हवा... आणि प्रत्येक टेस्टमध्ये पुन्हा तेच! मग कुणीतरी मोबाइल नंबर सक्तीचा करतं आणि सगळ्या टेस्ट एकदम लाल.

यावरचा उपाय म्हणजे टेस्टचा डेटा बनवणारी फॅक्टरी. तिचं मूळ १९९४च्या ‘डिझाइन पॅटर्न्स’ या पुस्तकातल्या फॅक्टरी पॅटर्नशी जाऊन भिडतं: ऑब्जेक्ट बनवायचं काम एकाच ठिकाणी ठेवा. यासाठी रूबीत ‘फॅक्टरी बॉट’ ही लायब्ररी आहे (२०१७पर्यंत ‘फॅक्टरी गर्ल’), पायथनमध्ये ‘फॅक्टरी बॉय’. नेहमीची मूल्यं फॅक्टरी भरते, आपण फक्त कामाचं तेवढं सांगायचं: ग्राहकफॅक्टरी(वय=१७). बस! वाचणाऱ्यालाही लगेच कळतं, इथे मुद्दा वयाचा आहे. दरवेळी वेगळा ईमेल हवा? सीक्वेन्स (आपोआप वाढणारा क्रमांक) वापरा.

एक मात्र आहे. या फॅक्टरीतून येतो तो खराखुरा ऑब्जेक्ट, बनावट असतो फक्त डेटा. पेमेंट गेटवेसारख्या बाहेरच्या सेवेच्या जागी मॉकच, म्हणजे तिची नक्कल करणारा ऑब्जेक्टच लागतो. तो बनवायलाही स्वतःची छोटी फॅक्टरी लिहिता येते, आणि लिहावीच.

आणि हो, डेटाबेसची गरज नाही तिथे ऑब्जेक्ट सेव्ह करणारं फॅक्टरीचं ‘क्रिएट’ नको, सेव्ह न करता बनवणारं ‘बिल्ड’ वापरा. टेस्ट किती भरभर पळतात ते बघून इथे नक्की सांगा!