लूप तोच, तऱ्हा वेगळ्या

"मॅडम, कॉलेजात सी शिकले होते, आता सगळे पायथन मागतात. म्हणजे पुन्हा श्रीगणेशाच ना?" लग्नानंतर शिक्षणात खंड पडलेल्या बहुतेक जणी माझ्या क्लासला आल्या की पहिल्या दिवशी हेच विचारतात. मी आधी त्यांना लूप दाखवते.

लूप म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करवून घेणं. मोजून बारा पोळ्या करायच्या, हा फॉर लूप. कणीक आहे तोवर लाटत राहायचं, हा व्हाइल. कल्पना जुनीच. एडा लव्हलेस या बाईंनी 1843 साली बॅबेजच्या नियोजित यंत्रावर टिपणं लिहिली, त्यातही अशी आवर्तनं आहेत!

सीमध्ये फॉर लिहिताना सुरुवात कुठून, थांबायचं कधी, कितीने सरकायचं, सगळं आपणच सांगायचं. पायथन म्हणते, यादी द्या, एकेक नाव मी घेते. मोजायची कटकटच नाही. मात्र रेंज वापरलीत तर सांभाळा. एक ते दहा सांगितलं की ती नवावरच थांबते! जुन्या बेसिकमध्ये 'फॉर आय = 1 टू 10' लिहिलं की दहाही यायचे. बचत गटातल्या दहा जणींचे हप्ते मांडताना दहावी सुटली, तर प्रोग्राम कुरकुर करत नाही. बेरीज तेवढी चुकते, आणि मग संशय हिशेब ठेवणारीवर.

आता खरी गंमत. अट आधी तपासायची की नंतर? सीतला डू-व्हाइल आधी काम करतो, मग विचारतो. पास्कलचा रिपीट-अनटिलही तसाच, फक्त अट उलटी: ती खरी झाली की थांबायचं. पायथनमध्ये असा वेगळा लूप नाही. व्हाइल ट्रू लिहून मध्येच ब्रेक द्यायचा. फरक कळतो तो डबा रिकामा असताना. कणीकच नसेल तर व्हाइल तवासुद्धा तापवत नाही, डू-व्हाइल मात्र एकदा पोळपाट घेऊन बसतोच. 1957 साली आलेल्या फोरट्रानच्या जुन्या कंपायलरांपैकी अनेकांत डू लूप असाच एकदा तरी फिरायचा, फेऱ्या शून्य असल्या तरी. फोरट्रान 77 मध्ये ही खोड मोडली.

तेव्हा सीची ती जुनी वही रद्दीत घालू नका. त्यातला सातच्या पाढ्याचा प्रोग्राम काढा, शेजारी तोच पायथनमध्ये लिहा. सात दाहे सत्तर दोन्हीकडे येतं का, ते आधी बघा.