दिवस राहिले म्हणून औषध थांबवू नका

सिस्टिक फायब्रोसिस असलेल्या बाळाचा पापा घेतला की ओठांना खारट चव लागते. एका जनुकातल्या दोषामुळे पेशींतली क्षारांची ये-जा बिघडते. घामात मीठ वाढतं आणि फुप्फुसांत, स्वादुपिंडात घट्ट, चिकट स्राव साचतो. १९३८ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. डोरोथी अँडरसन यांनी या आजाराचं सविस्तर वर्णन केलं, तेव्हा ही मुलं फार लहानपणीच दगावत. हा आजार असलेल्या स्त्रीच्या गरोदरपणाची पहिली वैद्यकीय नोंद १९६० मधली. ती आई बाळंतपणानंतर काही आठवड्यांतच गेली. त्यानंतर कित्येक वर्षं या मुलींना एकच सल्ला मिळत राहिला, मूल होऊ देऊ नका.

चित्र पालटलं ते २०१९ मध्ये. अमेरिकेत तीन औषधं एकत्र असलेल्या गोळ्यांना मंजुरी मिळाली. फुप्फुसांतला कफ सुटला, तसाच बहुधा गर्भाशयाच्या मुखाशी असलेला घट्ट स्रावही पातळ झाला. ‘तुला दिवस राहणं कठीण’ असं ऐकत मोठ्या झालेल्या अनेकींना अचानक दिवस राहिले.

पण हे गरोदरपण कष्टाचं. सकाळी उठल्यावर आधी नेब्युलायझरची वाफ, मग पाठीवर थापट्या घेऊन कफ काढायचा. त्यात खोकता खोकताच उलटी होते. स्वादुपिंड काम करत नसेल तर प्रत्येक जेवणासोबत एन्झाइमच्या कॅप्सूल घ्याव्या लागतात. साखर वाढते, वजन मात्र वाढता वाढत नाही.

आपल्या घरांत पोटुशी बाईला मायेनं सांगतात, ‘गोळ्या जरा कमी कर गं, बाळाला बाधतील.’ इथे ती माया घातक ठरते. उपचार सोडले तर फुप्फुसं खालावतात आणि बाळालाच प्राणवायू कमी पडतो. कोणती प्रतिजैविकं बदलायची, अ जीवनसत्त्व किती घ्यायचं, नव्या गोळ्या चालू ठेवायच्या का, हे दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बसून ठरवायला हवं. या गोळ्या पोटात असताना मिळालेल्या काही बाळांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आढळला आहे, म्हणून जन्मानंतर डोळे तपासतात.

नवऱ्याची जनुकीय तपासणीही आधीच हवी. तो वाहक असेल तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता निम्मी.

भारतात मात्र अनेकींचं निदानच उशिरा होतं; खोकला म्हटलं की आधी क्षयाची शंका येते. पाश्चात्त्यांत सर्रास आढळणारा जनुकदोष आपल्याकडे तुलनेनं कमी, त्यामुळे त्या महागड्या गोळ्या प्रत्येकीला लागू पडतीलच असं नाही. घरातल्या मुलीला वारंवार न्यूमोनिया होत असेल, खाल्लेलं तिच्या अंगी लागत नसेल, तर डॉक्टरांना घामाच्या तपासणीबद्दल जरूर विचारा.