रेपो घटला, मग सोसायटीचं व्याज का घटलं नाही?

2025 या एका वर्षात रिझर्व्ह बँकेने रेपो दर चार वेळा कमी केला. फेब्रुवारीत 6.50 वरून 6.25 टक्के, एप्रिलमध्ये 6, जूनमध्ये एकदम 5.50 आणि डिसेंबरमध्ये 5.25. दर वेळी बातमीचा मथळा जवळपास तोच होता: कर्ज स्वस्त होणार. यवतमाळ जिल्ह्यात कर्ज म्हटलं की आधी पीककर्जच आठवतं. राळेगाव-घाटंजीकडच्या शेतकऱ्याने ही बातमी ऐकून गावच्या सहकारी सोसायटीचं व्याज उतरेल असं धरून चाललं, तर त्यात त्याची काही चूक नाही. बातमीच अर्धवट असते.

पीककर्जाचा दर रिझर्व्ह बँकेच्या मुंबईतल्या पतधोरण बैठकीत ठरतच नाही. 2006-07 पासून केंद्र सरकारने 3 लाखांपर्यंतच्या अल्पमुदत पीककर्जाला 7 टक्के दर ठरवून दिला आहे आणि बँकांची तूट सरकार व्याज सवलतीच्या रूपाने भरून देतं. रेपो 2008 च्या पावसाळ्यात 9 टक्क्यांपर्यंत चढला, मे 2020 मध्ये 4 टक्क्यांपर्यंत उतरला. हे सात मात्र सातच राहिले. मुदतीत फेड केली तर केंद्राची आणखी 3 टक्के सूट मिळते. त्यावर राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना आहे. 3 लाखांपर्यंतचं, वेळेत फेडलेलं पीककर्ज शेतकऱ्याला बिनव्याजी पडावं, अशी तिची 2021-22 पासूनची रचना आहे. म्हणजे सोसायटीच्या खातेदाराचं व्याज दिल्लीच्या आणि मुंबई मंत्रालयाच्या अर्थसंकल्पावर अवलंबून आहे. रेपोचा त्याच्याशी थेट संबंध नाही.

मग बैठकीत ठरतं काय? बँकांना सरकारी रोख्यांच्या तारणावर रिझर्व्ह बँक अगदी थोड्या दिवसांसाठी, बहुधा एका रात्रीसाठी, ज्या दराने पैसे देते, तो रेपो दर. बँका एकमेकींना ज्या दराने रात्रीपुरते पैसे देतात तो दर रेपोच्या आसपास राहावा, म्हणून रिझर्व्ह बँक बाजारात रोज पैसा सोडते किंवा काढून घेते. सामान्य माणसाच्या कर्जापर्यंत ही हालचाल पोचायला मध्ये बऱ्याच पायऱ्या लागतात.

‘अर्थमंत्री सांगतात आणि गव्हर्नर सही करतात’ असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. 2016 पर्यंत निर्णय एकट्या गव्हर्नरचा असे, सल्लागार समिती फक्त सल्ला देई. त्या वर्षी रिझर्व्ह बँक कायद्यात दुरुस्ती होऊन सहा जणांची पतधोरण समिती आली. तीन सदस्य बँकेचे, तीन बाहेरचे. बाहेरच्यांना केंद्र सरकार चार वर्षांसाठी नेमतं. प्रत्येकाला एक मत असतं, आणि मतं समसमान पडली तरच गव्हर्नरचं जादा मत वापरायचं. सरकारचा हात आहे तो सदस्य नेमण्यात आणि महागाईचं लक्ष्य ठरवण्यात. हे लक्ष्य 4 टक्के आहे, दोन्हीकडे 2 टक्क्यांची मुभा धरून. सलग तीन तिमाह्या महागाई या पट्ट्याबाहेर राहिली, तर बँकेला सरकारला लेखी कारणं द्यावी लागतात. 2022 मध्ये ती वेळ आलीही.

बैठक तीन दिवस चालते, आणि सहा जण नेहमी एका सुरात बोलतात असंही नाही. ऑगस्ट 2024 मध्ये आशिमा गोयल आणि जयंत वर्मा या सदस्यांनी कपातीच्या बाजूने मत दिलं होतं. चौघांच्या मताने दर तसाच राहिला. जून 2025 मध्ये अर्ध्या टक्क्याची कपात झाली, तेव्हा सौगत भट्टाचार्य यांचं मत पाव टक्काच पुरे असं होतं. कोणी काय मत दिलं आणि का, हे बैठकीनंतर चौदाव्या दिवशी जाहीर होतं. ते वाचावं असं मला मनापासून वाटतं. बैठकीआधी रिझर्व्ह बँक शहरांतल्या घरांना महागाईबद्दल काय वाटतं तेही विचारते. त्या यादीत आपल्या जवळचं शहर नागपूर. यवतमाळचं घर त्या पाहणीत नाही, आणि ही उणीव मला खटकते.

‘रेपो घटला की दुसऱ्या महिन्यापासून हप्ता घटतो’ हा समज यवतमाळ, वणी, पुसदच्या नोकरदारांत आहे. 1 ऑक्टोबर 2019 पासून व्यावसायिक बँकांना बदलत्या दराचं नवं गृहकर्ज, वाहनकर्ज आणि छोट्या उद्योगांचं कर्ज रेपोसारख्या बाहेरच्या दराशी जोडावं लागतं, आणि तीन महिन्यांतून निदान एकदा दर सुधारावा लागतो. त्याआधीचं जुनं कर्ज मात्र बँकेच्या अंतर्गत दरावर असू शकतं आणि तिथे बदल रेंगाळतो. शिवाय दर उतरला तरी अनेकदा हप्ता तोच ठेवून मुदत कमी केली जाते. वीस वर्षांच्या 20 लाखांच्या कर्जावर दर 8.50 वरून 8.25 झाला आणि मुदत तीच ठेवली, तर महिन्याचा हप्ता साधारण 315 रुपयांनी कमी होतो. आपलं कर्ज कशाशी जोडलंय, हे बँकेत जाऊन विचारलंच पाहिजे. मुदत ठेवीचं उलट आहे: जुन्या ठेवीचा दर मुदत संपेपर्यंत हलत नाही, नवी ठेव मात्र कमी दराने ठेवावी लागते.

दर वाढवले की भाजी स्वस्त होते, हाही भ्रमच. व्याज वाढवून पाऊस पडत नाही की बोंडअळी मरत नाही. भाववाढ एका पिकापुरती न राहता मजुरी, भाडं, सगळ्यांत पसरू लागते, ती रोखायला व्याजदर उपयोगी पडतात.

यवतमाळपुरता खरा प्रश्न वेगळाच आहे. 2 लाखांच्या कर्जावर पाव टक्का म्हणजे वर्षाला 500 रुपये. तेच 2 लाख पीककर्ज म्हणून घेऊन वेळेत फेडले तर व्याज शून्य, आणि महिना 3 टक्क्यांनी सावकाराकडून घेतले तर वर्षाचे 72 हजार. कापूस भिजला, सोयाबीन पिवळं पडलं, भाव येईपर्यंत थांबायला हाती पैसा नाही म्हणून खेडा खरेदीत माल पडत्या भावाने गेला, की मुदत टळते. सवलती जातात, खातं थकीत होतं, जुनं कर्ज फेडून नवं उचलण्याचं ‘नवं-जुनं’ करता येत नाही आणि पेरणीच्या तोंडावर नवं कर्ज मिळत नाही. रेपो 5.25 असो की 9, त्या माणसाच्या दारापर्यंत तो पोचतच नाही. कर्जाच्या दराइतकंच, माझ्या मते त्याहून जास्त, पेरणीआधी कर्ज हातात पडण्याला महत्त्व आहे.

पतधोरणाच्या बातमीपेक्षा या शेतकऱ्याच्या जास्त कामाचे नियम दोन आहेत. 1 जानेवारी 2025 पासून 2 लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला बँकेने तारण मागायचं नाही. आधी ही मर्यादा 1 लाख 60 हजार होती. आणि 2014 च्या महाराष्ट्र सावकारी अधिनियमाखाली परवानाधारक सावकारालाही शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला 9 आणि बिनतारणीवर 12 टक्क्यांच्या वर व्याज घेता येत नाही. बेकायदा सावकाराने जमीन बळकावली असेल तर ती परत देण्याचा आदेश जिल्हा निबंधक देऊ शकतो. त्यासाठी अर्ज सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात करायचा असतो.