दहा सेकंदांची धाव, तासाभराचे शीतकरण

सरळ पट्ट्यावर दोन मोटारी शेजारी शेजारी उभ्या राहतात, हिरवा दिवा लागतो आणि पाव मैलाचे, म्हणजे सुमारे ४०२ मीटरचे अंतर जी गाडी आधी पार करील ती विजयी ठरते. ड्रॅग रेसिंग या नावाने ओळखला जाणारा हा क्रीडाप्रकार अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर फोफावला आणि वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये स्थापन केलेल्या नॅशनल हॉट रॉड असोसिएशन या संघटनेने त्याला नियमांची चौकट दिली. पेट्रोलवर धावणाऱ्या गाड्यांपैकी अव्वल मानल्या जाणाऱ्या प्रो स्टॉक वर्गातील मोटारी हे अंतर साडेसहा सेकंदांच्या आसपास कापतात. हौशी स्पर्धकांच्या गाड्यांना साधारणपणे नऊ ते बारा सेकंद लागतात. एवढ्या अल्प काळासाठी इंजिन थंड ठेवण्याची चिंता कशाला करावी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे.

हा प्रश्न अगदीच गैरलागू नाही. याच क्रीडेतील सर्वांत वेगवान अशा टॉप फ्युएल वर्गातील गाड्यांना रेडिएटर नसतोच आणि त्यांच्या इंजिनाच्या ब्लॉकमध्ये पाणी खेळविण्याची सोयही नसते. त्या गाड्या नायट्रोमिथेनवर चालतात आणि मोठ्या प्रमाणावर आत सोडले जाणारे हे इंधनच इंजिनाला थंडावा देते. मिथेनॉलवर चालणाऱ्या गाड्यांचीही स्थिती काहीशी अशीच असते. मिथेनॉलची वाफ होताना ते पेट्रोलच्या जवळजवळ तिप्पट उष्णता शोषून घेते. शिवाय एक किलो मिथेनॉलच्या पूर्ण ज्वलनाला सुमारे साडेसहा किलो हवा पुरते, तर एक किलो पेट्रोलला जवळपास पंधरा किलो हवा लागते. म्हणजे तेवढ्याच हवेबरोबर मिथेनॉल दुपटीहून अधिक वापरले जाते. पेट्रोलवर धावणाऱ्या गाडीला हा आयता लाभ मिळत नाही, म्हणून तिला पाण्याचाच आधार घ्यावा लागतो.

मात्र या पाण्याचे काम रस्त्यावरील मोटारीतील पाण्यापेक्षा निराळे आहे. ६०० अश्वशक्तीचे, म्हणजे सुमारे ४५० किलोवॅटचे इंजिन दहा सेकंद पूर्ण ताकदीने चालले, तर ते अंदाजे ४,५०० किलोज्यूल एवढे कार्य करते. त्याच्या निम्म्याएवढी उष्णता पाण्यात उतरते असे धरले आणि गाडीत १५ लिटर पाणी असले, तर त्या पाण्याचे तापमान सुमारे ३५ अंश सेल्सिअसने वाढेल. प्रत्यक्षात बरीचशी उष्णता आधी धातूत मुरते, त्यामुळे वाढ याहून कमी दिसते. एवढ्याशा वेळात रेडिएटर त्यातील थोडीच उष्णता बाहेर टाकू शकतो. म्हणजेच धावेच्या वेळी पाणी हे उष्णता साठविणारे भांडे असते, आणि धाव सुरू होताना ते भांडे किती रिकामे आहे यावर पुढचे सारे अवलंबून राहते. खरे शीतकरण दोन धावांच्या मधल्या वेळात होते.

ही गोष्ट साधली नाही तर काय घडते? ज्वलनकक्षाच्या भिंती प्रमाणाबाहेर तापल्या की पेट्रोल व हवेचे मिश्रण ठरलेल्या क्षणाआधी किंवा अनियंत्रितपणे पेट घेते. या स्फोटक ज्वलनाचे आघात पिस्टन आणि हेड गॅस्केट यांना सहन होत नाहीत. शिवाय उष्ण इंजिनात शिरणारी हवा विरळ होते आणि शक्ती घटते. ब्रॅकेट रेसिंग या लोकप्रिय प्रकारात तर याचे महत्त्व आणखी वाढते. तेथे स्पर्धक आपली गाडी किती सेकंदांत अंतर कापील तो आकडा आधीच जाहीर करून काचेवर लिहितो. त्या आकड्याहून कमी वेळ लागला तरी बहुतेक वेळा तो बाद ठरतो. निकाल सेकंदाच्या शंभराव्या, प्रसंगी हजाराव्या भागावर लागत असल्यामुळे अनुभवी स्पर्धक प्रत्येक फेरीत पाण्याचे तापमान ठराविक अंशावर असतानाच प्रारंभरेषेकडे जातात. कोणी ६० अंश पसंत करतो, कोणी ७५. नेमका आकडा कोणता, यापेक्षा तो दर वेळी तोच असणे महत्त्वाचे.

यासाठी विजेवर चालणारा पाण्याचा पंप अत्यंत उपयुक्त ठरतो. पट्ट्याने फिरणारा नेहमीचा पंप इंजिनाची थोडी शक्ती खातो, आणि इंजिन बंद होताच तोही थांबतो. मग तापलेल्या धातूतील उष्णता साचलेल्या पाण्यात उतरत राहते आणि इंजिन बंद असूनही तापमापकाचा काटा वर चढतो. विजेचा पंप व पंखा मात्र बॅटरीवर चालूच ठेवता येतात.

येथे एका रूढ समजुतीचा उल्लेख करावयास हवा. पाणी रेडिएटरमधून सावकाश गेले तर ते अधिक थंड होते, असे अनेक जण ठामपणे सांगतात. ते खरे नाही. प्रवाह वाढला की बाहेर पडणारी एकूण उष्णता सहसा वाढतेच. थर्मोस्टॅट काढून त्या जागी छिद्र असलेली चकती बसविल्याने काही इंजिनांत लाभ होतो, परंतु त्याचे कारण वेगळे आहे. त्या अडथळ्यामुळे पंप चालू असताना ब्लॉकमधील पाण्याचा दाब किंचित वाढतो आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आसपास वाफेचे कप्पे तयार होण्यास आळा बसतो. वाफेचा थर धातूची उष्णता वाहून नेऊ शकत नाही, आणि तापमापकाचे टोक अशा वाफेत सापडले तर तो चुकीचा आकडा दाखवितो. रेडिएटरचे दाबाचे झाकणही याच कामी येते. दर चौरस इंचाला १५ पौंडांच्या झाकणामुळे पाण्याचा उत्कलनबिंदू १२० अंशांच्या आसपास जातो.

पाण्यात अँटिफ्रीझ मिसळण्यास अनेक ड्रॅग पट्ट्यांवर स्पर्धक गाड्यांना मनाई असते. ते रस्त्यावर सांडले तर निसरडा थर तयार होतो, सहज पुसता येत नाही आणि मागून येणाऱ्या गाडीची चाके ताशी दोनशे किलोमीटरच्या वेगात घसरू शकतात. चालकाच्या जिवाशी संबंधित असलेल्या या नियमाला शास्त्राचाही पाठिंबा आहे, कारण साधे पाणी अँटिफ्रीझच्या मिश्रणापेक्षा अधिक उष्णता धारण करते. मात्र गंज रोखणारे द्रव्य त्यात मिसळावे लागते. उतू जाणारे पाणी रस्त्यावर पडू नये म्हणून किमान एक पाइंट, म्हणजे जेमतेम अर्धा लिटर क्षमतेचे भांडे गाडीत बसविणेही आवश्यक असते.

फेरी संपवून गाडी परतली की खरी लगबग सुरू होते. पंप व पंखा चालू राहतात, बॉनेट उघडले जाते, काही जण इनटेक मॅनिफोल्डवर बर्फाच्या पिशव्या ठेवतात. पूर्वी इंधनाची नळी वेटोळे करून बर्फाने भरलेल्या डब्यातून नेण्याची पद्धत रूढ होती. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल उकळू नये हा त्यामागील हेतू. गंमत अशी की पाणी गार हवे असले तरी तेल मात्र गरमच लागते. थंड तेल दाट असते आणि ते फिरविण्यात शक्ती वाया जाते. स्पर्धा जसजशी पुढे सरकते तसतशी स्पर्धकांची संख्या निम्मी होत जाते आणि विसाव्याचा अवधीही आटत जातो. पहिल्या फेरीपूर्वी सहज साधलेले तापमान उपांत्य फेरीनंतर गाठणे अवघड होऊन बसते. अशा वेळी रांगेत इंजिन सुरू न करता गाडी ढकलत पुढे नेणारे सहकारी दिसतात.

काही स्पर्धक सिलिंडरच्या भिंती बळकट व्हाव्यात म्हणून ब्लॉकमधील पाण्याच्या वाटा खालच्या बाजूने सिमेंटसारख्या मिश्रणाने भरून टाकतात. त्यामुळे पाणी कमी मावते आणि तेलावरील भार वाढतो. केवळ पट्ट्यावर धावणाऱ्या गाडीला हे चालते, परंतु तीच गाडी रहदारीत चालवायची असेल तर हा उपाय टाळणेच श्रेयस्कर.

महाराष्ट्रात लोणावळ्याजवळील अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा स्पर्धा झाल्या आहेत. टर्बोचार्जर बसविलेल्या पेट्रोल गाड्यांना आणखी एक आघाडी सांभाळावी लागते, ती म्हणजे दाबामुळे तापलेली हवा. ती थंड करण्यासाठी इंटरकूलर असतो आणि काही गाड्यांत त्यातून बर्फाचे पाणी खेळविले जाते. बर्फ वितळेपर्यंत धाव संपलेली असते, म्हणून डब्यातील थोडासा साठाही पुरतो.

अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत हंगाम संपताच इंजिन व रेडिएटरमधील सारे पाणी काढून टाकले जाते. अँटिफ्रीझ नसलेले ते पाणी हिवाळ्यात गोठले तर प्रसरण पावून लोखंडी ब्लॉकलाही तडा देते.