भीती नेमकी कशाची धरावी?

महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, कळसूबाई, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात आहे. उंची 1,646 मीटर, म्हणजे 5,400 फूट. बारी गावातून निघून लोखंडी शिड्या चढत माथ्यावर पोचलेल्या माणसाला ही उंची पायांनी कळलेली असते. टँडेम स्कायडायव्हिंगमध्ये विमान साधारणपणे जमिनीपासून 10,000 फुटांवर नेतात. पाठीशी बांधलेल्या इन्स्ट्रक्टरसह तिथून उडी घेतली की अर्ध्या मिनिटाच्या आसपास मोकळं पडणं होतं आणि पाच-साडेपाच हजार फुटांवर पॅराशूट उघडतं. छत्री उघडते तेव्हाही पायाखाली कळसूबाईएवढी उंची शिल्लक असते. पॅराशूट अगदी शेवटच्या क्षणी उघडतं, ही समजूत इथेच बाजूला ठेवावी.

समजुतींचा गोंधळ नावांपासूनच सुरू होतो. कामशेतच्या टेकडीवरून पॅराग्लायडिंग करून आलेला, कोकणात बोटीमागच्या दोरीला बांधून पॅरासेलिंग केलेला आणि विमानातून उडी घेतलेला, हे तिघेही आपल्याकडे ‘पॅराशूटवाले’ असतात. पहिल्या दोघांत पंख आधीच हवेने भरलेला असतो आणि त्याच्या आधारानेच माणूस वर जातो. स्कायडायव्हिंगमध्ये आधी पडायचं असतं, छत्री नंतर उघडते. त्यामुळे ‘मी पॅरासेलिंग केलंय, मला सवय आहे’ हे वाक्य ऐकलं की काळजी वाटते.

नगरसारख्या लष्करी गावात दुसरं एक चित्र मनात घट्ट असतं. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल इथे, मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचं केंद्र इथे, रणगाड्यांचं संग्रहालय इथे. छत्रीधारी सैनिकांच्या गोष्टी घराघरांत सांगितल्या जातात, आणि मराठी माणसाला त्यांचा अभिमान असायला सबळ कारण आहे. 11 डिसेंबर 1971 रोजी पूर्व पाकिस्तानातल्या टांगाइलला उतरलेली 2 पॅरा ही मूळची मराठा पलटण. पण सैनिकांच्या त्या उडीत माणूस कमी उंचीवरून बाहेर पडतो, विमानाला अडकवलेली दोरी छत्री आपोआप ओढून उघडते, छत्री गोल असते आणि जमिनीवर आदळताना पाय जुळवून लोळण घ्यावी लागते. टँडेमची छत्री आयताकृती, पंखासारखी असते. ती वळवता येते आणि उतरताना दोन्ही दोऱ्या खाली ओढून तिचा वेग मोडता येतो. ‘उतरताना गुडघे जातात’ ही भीती गोल छत्रीच्या काळातली आहे.

तिसरं चित्र पुण्याच्या शीतल महाजन यांचं. 18 एप्रिल 2004 रोजी त्यांनी आयुष्यातली पहिलीच उडी उत्तर ध्रुवावर, उणे 37 अंशांत, 2,400 फुटांवरून घेतली. 2006 मध्ये दक्षिण ध्रुव झाला, 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये थायलंडमध्ये नऊवारी नेसून उडी झाली आणि नोव्हेंबर 2023 मध्ये एव्हरेस्टसमोर 21,500 फुटांवरून. हे धाडस अपूर्व आहे. पण ‘त्यांनी सरावाशिवाय मारली, मग आपल्याला काय हरकत?’ असा अर्थ त्यातून काढणं धोक्याचं आहे. ती वाट एका विलक्षण माणसाची. नवख्यांसाठी वेगळी वाट मुद्दाम तयार केली गेली, तिचं नाव टँडेम.

1980 च्या दशकात अमेरिकेत बिल बूथ आणि टेड स्ट्राँग यांनी दोघांना एकत्र उतरवणारी ही पद्धत विकसित केली. त्यात एक मोठी अडचण होती. एकटा माणूस पोटावर पडताना ताशी सुमारे 200 किलोमीटर वेगाने खाली येतो. दोघांचं वजन एकत्र आलं की वेग खूप वाढतो, आणि त्या वेगात छत्री उघडली तर माणसांना आणि कापडाला दोघांनाही झटका सोसवत नाही. म्हणून विमानातून बाहेर पडल्यावर काही सेकंदांत इन्स्ट्रक्टर एक छोटी छत्री मागे सोडतो. तिला ड्रोग म्हणतात. ती दोघांचा वेग एकट्या माणसाच्या वेगावर आणून धरते, आणि पुढे मूठ ओढल्यावर तीच मोठी छत्री पिशवीतून बाहेर काढते. व्हिडिओत दिसणारी ही छोटी छत्री पाहून ‘पॅराशूट नीट उघडलंच नाही’ असं घरच्यांना वाटतं. प्रत्यक्षात सगळं ठरल्याप्रमाणेच चाललेलं असतं.

‘इन्स्ट्रक्टरलाच चक्कर आली तर?’ हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर पाठीवरच्या पिशवीत आहे. तिथे दोन छत्र्या असतात, मुख्य आणि राखीव. राखीव छत्रीपाशी हवेचा दाब मोजणारं एक छोटं यंत्र बसवलेलं असतं. ठरावीक उंचीखाली, टँडेममध्ये साधारण 1,900 फुटांवर, पडण्याचा वेग अजून जास्तच आहे असं त्याला आढळलं, तर ते आतली दोरी स्वतःच कापतं आणि राखीव छत्री सुटते. 1991 मध्ये जर्मनीत आलेल्या ‘सायप्रेस’ या यंत्राने हे काम भरवशाचं केलं.

आता पोटात गोळा येण्याविषयी. जत्रेतल्या मोठ्या पाळण्यात बसलेल्या प्रत्येकाला वाटतं की इथे तेच शंभरपट होणार. पाळण्यात वर थांबल्यासारखं होऊन एकदम खाली जाणं असतं, म्हणून पोट ढवळतं. विमानाला मात्र आधीच वेग असतो आणि उडी घेणारा त्याच वेगात बाहेर पडतो. पडण्याचा वेग त्यात हळूहळू मिसळत जातो. बहुतेकांना जाणवतो तो वाऱ्याचा दाब आणि प्रचंड आवाज. श्वासही कोंडत नाही. त्या उंचीवर हवा पुरेशी असते; लेहमध्ये तर लोक साडेअकरा हजार फुटांवर घरं बांधून राहतात. वाऱ्याच्या माऱ्याने पहिल्या क्षणी दचकून श्वास रोखला जातो एवढंच. ओरडलं की तो मोकळा होतो.

उंचीची भीती असलेल्यांनी हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा आठवून पाहावा. पोटावर झोपून आत वळलेल्या त्या कड्यावरून खाली बघताना हातपाय गार पडतात, कारण कड्याचा दगड थेट तळापर्यंत गेलेला डोळ्यांना दिसतो. दहा हजार फुटांवरून जमिनीशी जोडणारं असं काहीच दिसत नाही. शेतं आणि रस्ते नकाशासारखे पसरलेले असतात. कड्यावर घाबरणारी कित्येक माणसं म्हणूनच विमानाच्या दारात तितकी घाबरत नाहीत.

छत्री उघडताच माणूस झपकन वर ओढला जातो, हा मात्र निव्वळ डोळ्यांचा भास. चित्रण करणारा त्याच वेगाने खाली जात राहतो, म्हणून पडद्यावर तसं दिसतं.

मी सर्वांत जास्त भीती धरीन ती ‘आपल्याला काहीच करायचं नसतं’ या समजुतीची. बाहेर पडताना कंबर पुढे काढून मान मागे टाकायची असते आणि उतरताना दोन्ही पाय समोर उचलून धरायचे असतात. ते राहून गेलं तर नवख्याचे पाय इन्स्ट्रक्टरच्या आधी जमिनीला लागतात, आणि घोटा मुरगळतो तो तिथे. जमिनीवर दहा मिनिटं शिकवलेलं हे मन लावून शिकावं. खांद्यांशी दोन आणि कमरेशी दोन, असे जोडणारे चारही हुक इन्स्ट्रक्टर पुन्हा पुन्हा तपासतो. ते नीट पाहावं.

आणखी एक गोष्ट आपल्या सहलींमध्ये हमखास निसटते. तारकर्लीला स्कूबा करून दुसऱ्या दिवशी सकाळीच उडी मारायचा बेत कोणी आखू नये. मध्ये किमान 24 तास जाऊ द्यावेत, कारण रक्तात विरघळलेला नायट्रोजन उंचीवर त्रास देतो. सर्दीने कान बंद असतील तरीही उडी पुढे ढकलावी.

अमेरिकेची पॅराशूट संघटना टँडेममध्ये नवख्याच्या मृत्यूचं प्रमाण सुमारे पाच लाख उड्यांमागे एक असं सांगते. ते दिलासा देणारं आहे. पण तिथे टँडेम इन्स्ट्रक्टर व्हायला किमान 500 उड्या आणि तीन वर्षांचा अनुभव लागतो, आणि राखीव छत्री ठरल्या मुदतीत परवानाधारकाकडून नव्याने बांधून घ्यावी लागते. तो आकडा या शिस्तीतून आला आहे. शिस्त नसेल तिथे तो लागू करू नये. आपल्याकडे केंद्र सरकारचं राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरण 2022 मध्ये आलं आणि स्कायडायव्हिंग त्याच्या कक्षेत आहे. त्यामुळे विचारायला आता आधार आहे.

नगरहून कुठेही उडी मारायला जाल, तर पैसे भरण्याआधी फोनवर विचारा: इन्स्ट्रक्टरच्या टँडेम उड्या किती, परवाना कोणाचा, राखीव छत्री शेवटची कधी बांधली, आपोआप उघडणारं यंत्र आहे का, वजनाची मर्यादा किती आणि वारा वाढला तर पैसे परत मिळतात का. उत्तर देताना समोरचा चिडला किंवा टाळाटाळ करू लागला, तर तिथे उडी मारू नका.